राष्ट्रनिर्माता आणि राज्यसत्ता : घानाच्या पहिल्या नेत्याचा एक अभ्यास

प्रास्ताविक

पारतंत्र्यातून मुक्त झालेल्या देशाचा पहिला नेता हा सामान्य राज्यकर्ता नसतो. त्याने तुरुंगवास भोगलेला असतो, लोकांना जागे केलेले असते, आणि स्वातंत्र्याचे श्रेय बहुतांशी त्याच्या नावावर जमा असते. अशा नेत्याला अधिकार देताना लोक हिशेब मागत नाहीत, कारण हिशेब मागणे त्यांना कृतघ्नपणाचे वाटते. आणि नेमक्या याच काळात त्या देशातील संसद, न्यायालये आणि वृत्तपत्रे ही अगदी कोवळी असतात. एका बाजूला अमर्याद प्रेम आणि दुसऱ्या बाजूला अशक्त संस्था, अशा स्थितीत कार्यकारी सत्ता कशी वाढत जाते, हे समजून घेण्यासाठी प्रस्तुत लेखात आम्ही पश्चिम आफ्रिकेतील घाना या देशाचे आणि त्याचे पहिले नेते क्वामे एन्क्रुमा यांचे उदाहरण घेतले आहे.

हे उदाहरण निवडण्यामागे विशेष कारण आहे. एन्क्रुमा हे लोभी किंवा अडाणी हुकूमशहा नव्हते. ते विद्वान होते, त्यांनी गांधीजींच्या लढ्याचा अभ्यास केला होता आणि नेहरू, नासर, सुकार्नो व टिटो यांच्यासह अलिप्ततावादी चळवळीच्या प्रवर्तकांत त्यांची गणना होते. ज्याच्या हेतूविषयी सुरुवातीला शंका घेता येत नव्हती, अशा माणसाच्या हाती सत्ता एकवटल्यावर काय होते, हे येथे स्वच्छ दिसते. वाईट माणसाच्या उदाहरणातून एवढे शिकता येत नाही.

सहा सहकारी

घानाचे इंग्रजी अमलातील नाव गोल्ड कोस्ट. सोने आणि कोको यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या वसाहतीत ऑगस्ट १९४७ मध्ये ‘युनायटेड गोल्ड कोस्ट कन्व्हेन्शन’ नावाची राजकीय संघटना स्थापन झाली. तिचे वैचारिक नेतृत्व जे. बी. डंक्वा या ज्येष्ठ कायदेपंडिताकडे होते. संघटनेला पूर्णवेळ सरचिटणीस हवा होता. तेव्हा आको अजेई यांनी अमेरिकेतील लिंकन विद्यापीठात आपल्याबरोबर शिकलेल्या एका मित्राचे नाव सुचवले. तो मित्र म्हणजे क्वामे एन्क्रुमा. डिसेंबर १९४७ मध्ये ते लंडनहून मायदेशी परतले.

२८ फेब्रुवारी १९४८ रोजी राजधानी अक्रा येथे माजी सैनिकांच्या शांततापूर्ण मोर्चावर गोळीबार झाला आणि तीन माजी सैनिक ठार झाले. त्यानंतर शहरात दंगल उसळली. इंग्रज गव्हर्नरने संघटनेच्या सहा नेत्यांना पकडून, कोणताही खटला न चालवता, दूरदूरच्या ठिकाणी स्थानबद्ध केले. हे सहा जण म्हणजे एन्क्रुमा, डंक्वा, आको अजेई, एडवर्ड अकुफो-अडो, विल्यम ओफोरी अट्टा आणि इमॅन्युएल ओबेत्सेबी-लॅम्प्टी. घानाच्या इतिहासात त्यांना ‘सहा थोर पुरुष’ म्हणून ओळखले जाते. वाचकांनी ही सहा नावे ध्यानात ठेवावीत. परकीय सरकारने चौकशीविना बंदी केलेल्या या सहा जणांचे पुढे स्वतःच्या सरकारच्या काळात काय झाले, हाच या अभ्यासाचा गाभा आहे.

पुढे एन्क्रुमा यांचे जुन्या नेत्यांशी पटेना. वकील आणि व्यापारी मंडळींची सावध चाल त्यांना मान्य नव्हती. १२ जून १९४९ रोजी त्यांनी ‘कन्व्हेन्शन पीपल्स पार्टी’ हा स्वतंत्र पक्ष काढला. बाजारात माल विकणाऱ्या स्त्रिया, शाळा अर्धवट सोडलेले तरुण, मोटारचालक आणि मजूर या पक्षाभोवती जमले. गांधीजींच्या मार्गापासून स्फूर्ती घेऊन त्यांनी १९५० च्या जानेवारीत असहकाराची चळवळ पुकारली आणि त्याबद्दल त्यांना कारावास झाला. फेब्रुवारी १९५१ ची निवडणूक त्यांनी तुरुंगातूनच लढवली आणि प्रचंड मतांनी जिंकली. तुरुंगाच्या दारातून ते थेट सरकारच्या नेतृत्वपदी गेले. ६ मार्च १९५७ रोजी घाना स्वतंत्र झाला. आफ्रिकेतील सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील वसाहतींपैकी युरोपीय सत्तेपासून मुक्त झालेला तो पहिला देश होता.

भीती खोटी नव्हती

एन्क्रुमा यांनी पुढे जे कायदे केले ते समजून घ्यायचे तर त्या वेळच्या अडचणीही प्रामाणिकपणे नोंदवल्या पाहिजेत. देशाच्या मध्यभागी असलेला अशांटी प्रदेश कोकोच्या उत्पन्नामुळे संपन्न होता आणि त्याला स्वतःच्या राजसत्तेचा अभिमान होता. १९५४ मध्ये तेथील कुमासी शहरात ‘नॅशनल लिबरेशन मूव्हमेंट’ ही संघटना उभी राहिली. तिला संघराज्य हवे होते. या संघटनेचे आणि एन्क्रुमा यांच्या पक्षाचे कार्यकर्ते एकमेकांवर तुटून पडले. घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. पूर्व सरहद्दीवरील एवे लोकांपैकी अनेकांना शेजारच्या टोगोशी जोडले जावे असे वाटत होते. देश जन्मताच फुटेल ही भीती काल्पनिक नव्हती.

इंग्रजांनी जाता जाता दिलेल्या १९५७ च्या संविधानात या भीतीवर तोडगा होता. प्रत्येक प्रदेशाला विधानसभा मिळायची होती, आणि संविधानातील महत्त्वाची कलमे बदलण्यासाठी संसदेच्या दोन-तृतीयांश बहुमताबरोबरच या प्रादेशिक सभांची संमतीही आवश्यक होती. केंद्र सरकारला ही व्यवस्था पायातील बेडी वाटली.

पायरीपायरीने

आता घटनाक्रम पाहू. ऑगस्ट १९५७ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्यानंतर सहा महिने होण्याच्या आत, कुमासीतील दोन मुस्लिम नेत्यांना सरकारने नायजेरियात हद्दपार केले. आपण याच देशाचे नागरिक आहोत असे म्हणत ते न्यायालयात गेले होते. निकालाची वाट न पाहता सरकारने संसदेत केवळ त्या दोन व्यक्तींच्या नावाने कायदा मंजूर करून घेतला. कायदा सर्वांसाठी असतो या तत्त्वाला येथे पहिला तडा गेला.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात धर्म, जमात किंवा प्रदेश यांवर आधारलेल्या पक्षांना मनाई करणारा कायदा आला. वरवर पाहता तो पुरोगामीच होता. जमातवादाला आळा घालणे कोणाला नको असेल? पण विरोधी पक्ष बहुतेक प्रादेशिक स्वरूपाचेच असल्यामुळे त्या सर्वांवर एकदम गदा आली. ते एकत्र येऊन के. ए. बुसिया यांच्या नेतृत्वाखाली ‘युनायटेड पार्टी’ या नावाने उभे राहिले.

१९५८ मध्ये प्रादेशिक सभांच्या निवडणुका झाल्या, पण विरोधकांनी त्यांवर बहिष्कार टाकला. परिणामी त्या सभांत सत्ताधारी पक्षाचीच माणसे बसली, आणि सत्ता मर्यादित ठेवण्यासाठी निर्माण केलेल्या त्या सभांनी आपल्याच विसर्जनाला संमती दिली. १९५९ मध्ये त्या रद्द झाल्या. रागाच्या भरात सोडलेली जागा रिकामी राहत नाही, ती प्रतिपक्ष भरून काढतो, हा धडा विरोधकांनाही येथे मिळाला.

या साऱ्या पायऱ्यांत एक समान गोष्ट आहे. संसदेत चर्चा झाली, मतदान झाले, कायदा राजपत्रात छापला गेला. बंड नाही, रणगाडे नाहीत. कार्यकारी सत्तेची वाढ कायदा मोडून झाली नाही, ती कायदा करून झाली.

चौकशीविना पाच वर्षे

जुलै १९५८ मधील प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा ही यांतील सर्वांत गंभीर पायरी. देशाची सुरक्षितता, संरक्षण किंवा परराष्ट्रसंबंध यांना बाधा येईल असे वर्तन करील, असा सरकारचा ग्रह झाला की कोणत्याही नागरिकाला पाच वर्षांपर्यंत खटल्याशिवाय डांबून ठेवण्याची मुभा या कायद्याने दिली. बंद्याला कारणे कळवली जात आणि त्याला लेखी निवेदनही देता येई. पण ते निवेदन ज्याने पकडले त्या सरकारकडेच जाई. मधे न्यायाधीश नव्हता, स्वतंत्र मंडळही नव्हते.

याच वर्षीच्या नोव्हेंबरात विरोधी पक्षाच्या अनेक जणांना या कायद्याखाली अटक झाली. पुढे ही संख्या शेकड्यांवर गेली. १९५९ मध्ये बुसिया देश सोडून गेले. १९६३ च्या अखेरीस पहिल्या बंद्यांची पाच वर्षे संपत आली, तेव्हा मुदत आणखी पाच वर्षांनी वाढवता यावी अशी दुरुस्ती करण्यात आली. तात्पुरत्या संकटासाठी घेतलेला अधिकार आपणहून परत केला जात नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा क्वचितच सापडेल.

संविधानात लिहिलेले एक नाव

एप्रिल १९६० मध्ये नव्या संविधानासाठी सार्वमत आणि राष्ट्राध्यक्षपदासाठी निवडणूक एकाच वेळी झाली. एन्क्रुमा यांच्या विरोधात वृद्ध डंक्वा उभे होते. अधिकृत निकालानुसार एन्क्रुमा यांना दहा लाखांहून अधिक, तर डंक्वा यांना सव्वा लाखाच्या आत मते मिळाली. १ जुलै १९६० रोजी घाना प्रजासत्ताक झाला.

या संविधानात पहिला राष्ट्राध्यक्ष म्हणून क्वामे एन्क्रुमा हे नावच लिहिलेले होते. आपली कर्तव्ये पार पाडताना राष्ट्राध्यक्ष स्वतःच्या विवेकाने वागेल आणि दुसऱ्या कोणाचा सल्ला मानण्यास तो बांधील असणार नाही, असे कलम त्यात होते. याखेरीज राष्ट्रहितासाठी आवश्यक वाटल्यास स्वतःच्या आदेशाने कायदा करण्याचा विशेष अधिकार केवळ पहिल्या राष्ट्राध्यक्षाला दिलेला होता. सरन्यायाधीशाची नेमणूक आणि त्या पदावरून त्याला दूर करणे, हेही राष्ट्राध्यक्षाच्या हाती होते.

संविधान पदांविषयी बोलते, व्यक्तींविषयी नव्हे. पद कायम राहते, माणसे येतात आणि जातात. म्हणून पदाचे अधिकार ठरवताना त्या पदावर उद्या कोणीही बसू शकेल, अगदी आपला विरोधकही, असे गृहीत धरावे लागते. घानाच्या संविधानकर्त्यांनी एका विशिष्ट माणसाच्या मापाचे वस्त्र शिवले.

याच काळात व्यक्तिपूजेलाही उधाण आले. नाण्यांवर एन्क्रुमा यांची मुद्रा होती आणि तिच्याभोवती लॅटिन भाषेत ‘घाना राज्याचा संस्थापक’ अशा अर्थाचे शब्द होते. ‘ओसाजेफो’, म्हणजे विजयी त्राता, ही उपाधी त्यांच्या नावाआधी लागू लागली. १९६० मध्ये ‘यंग पायोनियर्स’ ही बालसंघटना सुरू झाली. एन्क्रुमा चुकत नाहीत, ते अमर आहेत, अशा आशयाच्या घोषणा मुलांकडून म्हणवून घेतल्या जात. १९६२ मध्ये अक्राच्या अँग्लिकन बिशपने या शिकवणुकीवर टीका केली, तेव्हा त्यांना देशाबाहेर काढण्यात आले. शाळा चालवणाऱ्या आणि शाळेत मुले पाठवणाऱ्या आपणां सर्वांना या प्रसंगाचा अर्थ विशेष कळावा. मुलाला प्रश्न विचारायला शिकवणे हे शिक्षण आहे. त्याच्याकडून एका माणसाचे नाव घोकून घेणे हे शिक्षण नाही.

न्यायालयाने मान तुकवली

स्थानबद्धता कायद्याची घटनात्मक परीक्षा १९६१ मध्ये झाली. अशांटी चळवळीचे नेते बाफो ओसेई अकोटो यांना १९५९ मध्ये स्थानबद्ध केले होते. त्यांच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात उभे राहिले ते डंक्वा. नव्या संविधानानुसार राष्ट्राध्यक्षाने पदग्रहण करताना व्यक्तिस्वातंत्र्य व न्याय यांविषयीच्या काही तत्त्वांवर निष्ठा जाहीर करावयाची होती. स्थानबद्धता कायदा या तत्त्वांशी विसंगत आहे, असा डंक्वा यांचा युक्तिवाद होता.

सरन्यायाधीश आर्कू कोर्सा यांच्या न्यायालयाने तो फेटाळला. ही तत्त्वे म्हणजे नैतिक बंधने आहेत, इंग्लंडच्या राजाने राज्याभिषेकाच्या वेळी घ्यावयाच्या शपथेसारखी. त्यांच्या आधारे न्यायालय कायदा रद्द करू शकत नाही, आणि तत्त्वांचा भंग झाला असे वाटल्यास लोकांनी मतपेटीतून उत्तर द्यावे, असा त्या निकालाचा सारांश होता. कायद्याच्या अक्षरापुरता पाहिला तर तो निकाल निराधार म्हणता येणार नाही, कारण त्या संविधानात न्यायालयाकडून बजावून घेता येतील असे मूलभूत अधिकारच नव्हते. पण मतपेटीही सत्ताधाऱ्यांच्या हाती जाते तेव्हा नागरिकाने कोठे जावे, या प्रश्नाला त्या निकालात उत्तर नव्हते.

त्याच वर्षी सप्टेंबरात सेकोंडी-ताकोराडी येथील रेल्वे व बंदर कामगारांनी अंदाजपत्रकातील सक्तीच्या बचतीविरुद्ध संप केला. संपानंतर ऑक्टोबरात सरकारने अनेकांना पकडले आणि त्यांत डंक्वाही होते. ज्या कायद्याविरुद्ध त्यांनी न्यायासनासमोर युक्तिवाद केला होता, त्याच कायद्याने त्यांना तुरुंगात नेले. पुढच्या वर्षी त्यांची सुटका झाली, पण ती अल्पकाळच टिकणार होती.

न्यायाधीशाचा अपराध

१ ऑगस्ट १९६२ रोजी उत्तरेकडील कुलुंगुगु या गावी एन्क्रुमा यांच्यावर बॉम्ब फेकण्यात आला. ते बचावले. त्यानंतर अक्रा शहरातही बॉम्बस्फोट झाले आणि निरपराध माणसे मृत्युमुखी पडली. भीती पुन्हा एकदा खरी होती. पण या वेळी संशयाची सुई विरोधकांबरोबर पक्षाच्या आतही फिरली. मंत्री तावीया अदामाफिओ, पक्षाचे कार्यकारी सचिव कॉफी क्रॅब आणि परराष्ट्रमंत्री आको अजेई यांना अटक झाली. हे तेच आको अजेई, ज्यांनी १९४७ मध्ये एन्क्रुमा यांचे नाव सुचवले होते.

राजद्रोहाचा खटला विशेष न्यायालयापुढे चालला. तीन न्यायाधीशांत सरन्यायाधीश कोर्सा होते, व्हॅन लार होते आणि ‘सहा थोर पुरुषां’पैकी एडवर्ड अकुफो-अडोही होते. डिसेंबर १९६३ मध्ये निकाल लागला. इतर दोन आरोपी दोषी ठरले, परंतु या तिघांविरुद्ध पुरेसा पुरावा नाही म्हणून न्यायालयाने त्यांची निर्दोष मुक्तता केली.

पुढे जे घडले ते फार जलद घडले. दोनच दिवसांत कोर्सा यांना सरन्यायाधीशपदावरून दूर करण्यात आले. १९६१ मध्ये स्थानबद्धता कायदा वैध ठरवणारे न्यायाधीश हेच होते. सरकारला हवा तसा निकाल एकदा दिल्याने पुढे संरक्षण मिळत नाही, हे त्यांना त्या दिवशी कळले असेल. त्याच महिन्यात संसदेने कायदा करून विशेष न्यायालयाचा निकाल रद्दबातल ठरवण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला दिला आणि त्यांनी तो तत्काळ वापरला. निर्दोष सुटलेले तिघे तुरुंगातच राहिले. नव्या न्यायाधीशासमोर त्यांचा खटला पुन्हा चालला आणि १९६५ मध्ये त्यांना मृत्युदंड सुनावण्यात आला. एन्क्रुमा यांनी तो नंतर वीस वर्षांच्या कारावासात बदलला.

जानेवारी १९६४ मध्ये आणखी एक सार्वमत घेण्यात आले. घानात एकच पक्ष असावा, आणि उच्च न्यायालयांतील न्यायाधीशांना राष्ट्राध्यक्षाने स्वतःला योग्य वाटेल त्या कारणासाठी काढावे, अशा दोन दुरुस्त्या त्यात होत्या. अधिकृत निकालात ९९.९१ टक्के मते अनुकूल पडल्याचे जाहीर झाले. सत्तावीस लाखांहून अधिक मतदारांत विरोधी मते अडीच हजारही नव्हती. ज्या देशात चार वर्षांपूर्वी डंक्वा यांना लाखाहून अधिक मते पडली होती, तेथील हा आकडा लोकमताविषयी काही सांगत नाही, लोकांच्या भयाविषयी मात्र पुष्कळ सांगतो. त्यानंतर लवकरच अकुफो-अडो यांनाही न्यायासनावरून हटवण्यात आले. १९६५ ची सार्वत्रिक निवडणूक मतदानाविनाच पार पडली, कारण सर्व उमेदवार बिनविरोध निवडून आल्याचे घोषित झाले.

सहा जणांचा शेवट

आता त्या सहा नावांकडे पुन्हा वळू. ओबेत्सेबी-लॅम्प्टी हे जानेवारी १९६३ मध्ये स्थानबद्धतेत असतानाच वारले. ओफोरी अट्टा यांनाही स्थानबद्धता भोगावी लागली. आको अजेई मृत्युदंडाच्या छायेतून जन्मठेपेसारख्या कारावासात गेले. अकुफो-अडो पदच्युत झाले. डंक्वा यांना जानेवारी १९६४ मध्ये पुन्हा अटक झाली आणि ४ फेब्रुवारी १९६५ रोजी एन्सावाम येथील तुरुंगात त्यांचा अंत झाला. ‘घाना’ हे प्राचीन नाव नव्या देशाला द्यावे असा आग्रह धरणाऱ्यांत डंक्वा अग्रभागी होते. त्या देशाच्याच तुरुंगात, कोणत्याही न्यायालयाने दोषी ठरवलेले नसताना, त्यांनी देह ठेवला. १९४८ मध्ये परक्या गव्हर्नरने त्यांना बंदी केले तेव्हा ते महिन्याभरात सुटले होते.

सहावे स्वतः एन्क्रुमा. २४ फेब्रुवारी १९६६ रोजी ते व्हिएतनाममध्ये शांतता घडवून आणण्याच्या हेतूने हनोईच्या प्रवासाला निघालेले असताना, इकडे लष्कर आणि पोलीस यांनी सत्ता बळकावली. ही बातमी त्यांना चीनच्या राजधानीत कळली. अक्रातील त्यांचा पुतळा पाडण्यात आला. काही वर्षांपूर्वी ज्यांच्या सभांना मैदाने अपुरी पडत, त्यांच्यासाठी फारसे कोणी रस्त्यावर आले नाही, कारण रस्त्यावर येऊ शकणाऱ्या साऱ्या संघटना त्यांनीच निष्प्रभ केल्या होत्या. नव्या लष्करी राजवटीने जुने स्थानबद्ध सोडले, आणि ‘संरक्षक कोठडी’ या नव्या नावाखाली एन्क्रुमा यांच्या सहकाऱ्यांना चौकशीविना बंदी केले. हत्यार तसेच राहिले, केवळ हात बदलला. एन्क्रुमा पुन्हा मायदेशी परतू शकले नाहीत. २७ एप्रिल १९७२ रोजी बुखारेस्ट येथे त्यांचे निधन झाले.

न्याय्य ताळेबंद

त्यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना दुसरी बाजू लपवणे अन्यायाचे ठरेल. त्यांच्या कारकिर्दीत शाळांचे जाळे विस्तारले, १९६१ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे झाले. टेमा येथे मोठे बंदर उभे राहिले. व्होल्टा नदीवरील अकोसोम्बो धरणाचे उद्घाटन त्यांनी २२ जानेवारी १९६६ रोजी, म्हणजे पदच्युतीच्या जेमतेम महिनाभर आधी केले. आफ्रिकेच्या ऐक्याचे स्वप्न त्यांनी जगापुढे मांडले. आज अक्रा येथे ज्या मैदानावर त्यांनी स्वातंत्र्याची घोषणा केली, तेथेच त्यांचे स्मारक आहे आणि घानाची जनता त्यांना आदराने स्मरते.

परंतु शाळा, बंदर आणि धरण यांसाठी डंक्वा यांना तुरुंगात मरावे लागणे आवश्यक होते काय? धरणाच्या भिंतीला विरोधी पक्षाचा अडथळा नव्हता. उलट, चुका दाखवणारे गप्प झाल्यामुळे कर्जे आणि फसलेले उद्योग यांविषयी राष्ट्राध्यक्षाच्या कानी खरे पडेनासे झाले. सत्तेवरचा अंकुश नागरिकाला जेवढा उपयोगी, तेवढाच तो सत्ताधाऱ्यालाही उपकारक असतो.

आपल्यासाठी बोध

घानाच्या स्वातंत्र्याआधी सात वर्षे, २५ नोव्हेंबर १९४९ रोजी, संविधान सभेतील समारोपाच्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या धोक्याची स्पष्ट जाणीव करून दिली होती. देशाची आयुष्यभर सेवा केलेल्या थोर पुरुषांविषयी कृतज्ञ असावे, पण त्या कृतज्ञतेलाही मर्यादा असावी, आणि कितीही थोर माणसाच्या चरणी आपले स्वातंत्र्य वाहू नये, असे त्यांनी बजावले. धर्मात भक्ती मुक्तीचा मार्ग असेलही, परंतु राजकारणातील भक्ती अधःपतनाकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्याच भाषणात त्यांनी प्राचीन भिक्खू संघांच्या कामकाजाचे नियम आठवून दिले. ठराव मांडणे, मत घेणे, बैठक व्यवस्था, या सर्वांचे नियम संघात होते. व्यक्तीपेक्षा नियमाला मान देण्याची ही परंपरा आपल्याला नवी नाही, असे त्यांना सुचवायचे होते.

ही नुसती शिकवण नव्हती. तिचे प्रतिबिंब संविधानाच्या मजकुरातही आहे. प्रतिबंधक स्थानबद्धता भारतातही आली. १९५० चा कायदा तर संविधान लागू झाल्यावर महिन्याभरातच झाला. परंतु बाबासाहेबांनी संविधान सभेत मांडलेल्या आणि आज अनुच्छेद २२ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तरतुदीने त्यावर काही बंधने घातली. बंद्याला कारणे कळवली पाहिजेत आणि तीन महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवायचे तर न्यायाधीश असलेल्या किंवा त्या पात्रतेच्या व्यक्तींच्या सल्लागार मंडळाचा अभिप्राय घेतला पाहिजे. ही बंधने पुरेशी आहेत काय याविषयी तेव्हाही वाद होता आणि आजही आहे. तथापि घानातील बंद्याला एवढाही आधार नव्हता.

आणि आपला इतिहासही निष्कलंक नाही. १९७५ च्या आणीबाणीत हजारो लोक चौकशीविना तुरुंगात होते. त्या काळात व्यक्तिस्वातंत्र्यासाठी न्यायालयात दाद मागता येणार नाही, असा निकाल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने दिला. एकट्या न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांनी भिन्नमत नोंदवले, आणि पुढच्या वर्षी ज्येष्ठता डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्याला देण्यात आले. फरक इतकाच की आपल्याकडे १९७७ ची निवडणूक झाली आणि मतदारांनी सरकार बदलले. मतपेटी शिल्लक होती, म्हणून मार्ग शिल्लक होता.

समारोप

या अभ्यासातून आम्हांला तीन कसोट्या हाती लागल्यासारख्या वाटतात. सरकारला नवा अधिकार देणारा कोणताही कायदा पुढे आला की त्या लावून पाहाव्यात. हा अधिकार आपल्याला नकोशा वाटणाऱ्या माणसाच्या हाती गेला तर तो आपल्याला चालेल काय, ही पहिली कसोटी. ज्याच्याविरुद्ध तो वापरला जाईल त्याला सरकारखेरीज अन्य कोणाकडे दाद मागता येईल काय, ही दुसरी. आणि हा अधिकार कधी संपेल हे कायद्यातच लिहिले आहे काय, ही तिसरी. १९५८ च्या घानात या तीनही प्रश्नांची उत्तरे प्रतिकूल होती. नेत्यावरील विश्वासामुळे फार थोड्यांनी ते प्रश्न विचारले, आणि ज्यांनी विचारले ते देशद्रोही ठरले.

घानाने हा धडा महाग किंमत देऊन घेतला. अनेक लष्करी राजवटींनंतर १९९२ मध्ये स्वीकारलेल्या संविधानात, एकपक्षीय राज्य स्थापन करणारा कायदा करण्याचा अधिकार संसदेला असणार नाही, असे स्पष्ट लिहिले आहे. राष्ट्राध्यक्षाला दोनच कार्यकाल मिळतात. त्यानंतर त्या देशात सत्ता एका पक्षाकडून दुसऱ्या पक्षाकडे अनेकदा शांततेने गेली आहे. न्यायासनावरून हटवले गेलेले अकुफो-अडो पुढे १९७० मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले, आणि त्यांचे पुत्र २०१७ ते २०२५ या काळात निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष होते. मुदत संपताच ते पायउतार झाले आणि विरोधी पक्षाच्या नेत्याने शपथ घेतली.

आपल्या वसतिगृहातून शिकून बाहेर पडलेले विद्यार्थी आज शिक्षक आहेत, वकील आहेत, शासकीय सेवेत आहेत, ग्रामपंचायतीत आणि संस्थांच्या कार्यकारिणीत आहेत. देशाचा राष्ट्राध्यक्ष होण्याची वेळ आपल्यावर येवो न येवो, एखाद्या मंडळाचे अध्यक्ष, सचिव किंवा कोषाध्यक्ष होण्याची वेळ येतेच. तेथेही हेच प्रश्न लहान आकारात उभे राहतात : वार्षिक सभा वेळेवर होते काय, हिशेब सर्वांसमोर ठेवला जातो काय, वेगळे मत मांडणाऱ्याला पुढच्या बैठकीची सूचना मिळते काय. थोर संस्थापकाविषयीचा आदर त्याच्या प्रतिमेला हार घालून व्यक्त होतो. त्याने घालून दिलेला नियम त्याच्यासह सर्वांना लागू ठेवला, तर तो आदर टिकतो.